उजेडातली तूट वाचणारे

सह्याद्रीचा काळा कातळ आणि चंद्रावरचे काळे डाग एकाच जातीचे: बेसाल्ट. दोन्हींत पायरॉक्सीन हे लोहयुक्त खनिज असते. ऊन पडले की डोळ्यांना न दिसणारा, १ आणि २ मायक्रॉनच्या आसपासचा उजेड ते गिळते. परतलेल्या उजेडात तेवढीच तूट दिसते आणि ती पाहून न शिवताच दगड ओळखता येतो.

या विद्येचा मोठा विजय १९७० सालचा. मॅककॉर्ड, अ‍ॅडम्स आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी दुर्बिणीतून व्हेस्टा या लघुग्रहाचा उजेड तपासला आणि तिथे बेसाल्टसारखा खडक असल्याचे सांगितले. डॉन यान तिथे पोचले ते २०११ मध्ये!

कार्ले पीटर्स याच परंपरेतल्या. मलेशियात शिक्षिकेचे काम करून आलेल्या या गणिताच्या पदवीधर बाईंनी १९७७ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट मिळवली. पुढे ब्राउन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अपोलोने आणलेली माती आणि अशनींची पूड उजेडाखाली ठेवून मोजली जाऊ लागली. दुर्बिणीतून दिसलेल्या तुटीचा अर्थ लागतो तो अशा पुडींशी ताडून पाहिल्यावरच. त्यातही चंद्रावरची धूळ फसवी: सौरवारा आणि बारीक उल्कांचा मारा सोसून ती काळवंडते आणि खनिजांच्या खुणा पुसट होतात. ते कोडे सोडवण्यात पीटर्स यांची बरीच वर्षे गेली.

२२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-१ निघाले. त्यावर खनिजांचा नकाशा काढणारे नासाचे एम-थ्री हे उपकरण होते आणि त्याची धुरा पीटर्स यांच्याकडे होती. शोधायची होती खनिजे. पण ३ मायक्रॉनजवळ, ध्रुवांकडे वाढत जाणारी एक तूट दिसली. ती पाण्याची, निदान हायड्रॉक्सिलची खूण. अपोलोची ३८२ किलो दगड-माती तर कोरडी मानलेली! चमूला आधी उपकरणाचाच संशय आला. मग कॅसिनी यानाने १९९९ मध्ये जाता जाता टिपलेली चंद्राची मोजमापे पुन्हा काढली, डीप इम्पॅक्ट यानालाही चंद्र बघायला लावले. तिघांची साक्ष जुळली, तेव्हाच सप्टेंबर २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. हा धीर मला शोधाइतकाच मोलाचा वाटतो. चांद्रयानाचा संपर्क त्याआधीच, २९ ऑगस्टला, तुटला होता.

मोजमापे मात्र उरली. २०१८ मध्ये काही संशोधकांनी त्यातले ध्रुवांजवळचे कायम अंधारे खड्डे तपासले. तिथे ऊन थेट पोचत नाही. पण भोवतालच्या कड्यांवरून उसळलेला अंधूक उजेड आत झिरपतो. तेवढ्या उजेडात बर्फाच्या खुणा सापडल्या.