साक्षीदाराची आठवण आणि प्रश्नातले क्रियापद

न्यायालयाला एका माणसाबद्दल उत्तर हवे असते. प्रयोगशाळा अनेकांबद्दल बोलते. मानसशास्त्र आणि कायदा यांच्या सांध्यावर आयुष्य घालवणाऱ्या अभ्यासकाची मुख्य अडचण ही. एलिझाबेथ लॉफ्टस यांचे संशोधन याच अडचणीतून वाढले.

१९७० मध्ये स्टॅनफर्डची डॉक्टरेट घेतलेल्या लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये जॉन पामर यांच्यासह ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या. नंतर विचारलेला प्रश्न एकच, क्रियापद तेवढे निराळे. गाड्या एकमेकींवर जोरात ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असे विचारल्यावर सरासरी उत्तर ताशी चाळीस मैलांच्या आसपास आले. ‘टेकल्या’ म्हटल्यावर बत्तीसच्या आसपास. पण आठवण तशीच राहून विद्यार्थी केवळ आकडा सांगताना शब्दाकडे झुकले असतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मला दुसरा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. त्यात आठवड्याने विचारले, फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७. सूचक प्रश्न उत्तराबरोबर आठवणीतही शिरतो, याचा हा पुरावा.

१९९० मध्ये कॅलिफोर्नियातील एका खून खटल्यात वीस वर्षांनी ‘परत आलेली’ आठवण हाच मुख्य पुरावा होता. लॉफ्टस बचाव पक्षातर्फे उभ्या राहिल्या. त्यांचे प्रयोग तपशील बदलण्याविषयीचे होते, अख्खी घटना मनात रुजवण्याविषयीचे नव्हेत, हे उलटतपासणीत त्यांना मान्य करावे लागले. उणीव खरी होती आणि ती वकिलाने दाखवली. पुढे, लहानपणी बाजारसंकुलात हरवल्याची कल्पित हकिकत २४ जणांना सांगण्याचा प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे चौथाई लोकांना ती पूर्णतः वा अंशतः ‘आठवली’. तीन चतुर्थांशांना आठवली नाही, हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवे. या प्रयोगावरून कोणत्याही पीडितेची आठवण खोटी ठरवता येत नाही. ती कशी तपासावी, एवढेच कळते.

मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स यांनी १९७८ मध्ये केलेला भेद इथे उपयोगी पडतो. अंधार, अंतर, भीती हे घटक गुन्ह्याच्या क्षणीच ठरून जातात; त्यांचा नंतर फक्त अंदाज बांधता येतो. ओळख परेड कशी घ्यायची, हे मात्र यंत्रणेच्या हातात असते. म्हणून वेल्स यांनी धरलेला आग्रह साधा आहे: रांगेतला संशयित कोणता, हे परेड घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही ठाऊक नसावे.