बीअरचे हॉप्स : कडवटपणासाठी कोणते, सुवासासाठी कोणते?

बीअरला कडवटपणा येतो तो हॉप्समुळे. हॉप्स म्हणजे एका वेलीच्या मादी फुलांचे बोंड. या बोंडांत पिवळी, चिकट भुकटी असते. तिच्यातलं अल्फा आम्ल उकळताना कडवटपणा देतं, तर तिच्यातली तेलं सुवास देतात. जातींची तुलना करायची ती या दोन गोष्टींवरून.

मॅग्नम (जर्मनी) : अल्फा आम्ल साधारण 12 ते 14 टक्के. वास सौम्य, कडवटपणा स्वच्छ. मुख्यतः कडवटपणासाठीच वापरतात.

साझ (चेक प्रजासत्ताक) : 3 ते 4.5 टक्के. मंद, मसालेदार वास. पिल्सनर बीअरची ओळख याच हॉप्सवर उभी आहे.

ईस्ट केंट गोल्डिंग्ज (इंग्लंड) : साधारण 4 ते 6 टक्के. मध आणि मातीची आठवण करून देणारा वास. इंग्लिश एल बीअरसाठी जुनी पसंती.

कॅस्केड (अमेरिका, 1972) : साधारण 4.5 ते 7 टक्के. फुलांचा आणि पपनसासारखा वास.

सिट्रा (अमेरिका) : 11 ते 13 टक्के. लिंबू, आंबा, लिचीसारखा वास. कडवटपणाही भरपूर.

हॉप्स कधी टाकले, यावरही बरंच ठरतं. तासभर उकळले तर कडवटपणा पुरता उतरतो, पण सुवास वाफेबरोबर उडून जातो. शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकले तर वास टिकतो. बीअर आंबल्यावर थंडच टाकले तर वास जास्त, कडवटपणा फारसा वाढत नाही.

सर्वांत मोठी चूक होते ती एका जातीऐवजी दुसरी तेवढ्याच वजनाने टाकण्यात. 4 टक्क्यांचे 75 ग्रॅम साझ आणि 12 टक्क्यांचे 25 ग्रॅम मॅग्नम यांचा कडवटपणा जवळपास सारखा. साझच्या जागी 75 ग्रॅम मॅग्नम पडलं, तर तिप्पट कडू झालेली बॅच ओतूनच द्यावी लागेल.

या वेलीला कडक हिवाळा आणि उन्हाळ्यात लांब दिवस लागतात. म्हणून भारतात ती हिमाचलच्या लाहौलमध्ये पिकली. गोवा-बेळगावकडच्या हवेत तिचा जम बसणं कठीण. इकडे हॉप्स वाळवून, दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात येतात. उष्णता आणि हवा लागली की अल्फा आम्ल घटतं, वास जुनाट चीजसारखा होतो. त्यामुळे जातीच्या नावाआधी पाकिटावर तीन गोष्टी बघाव्यात : पिकाचं वर्ष, अल्फाची टक्केवारी आणि हवाबंद पॅकिंग. उघडलेलं पाकीट घट्ट बंद करून फ्रीझरमध्येच ठेवावं.