साग : प्रतिलेखसंचावरून जनुकीय चिन्हके
सागाच्या पैदाशीत एक पिढी हाती यायलाच वर्षानुवर्षे जातात. म्हणून रोपावस्थेत निवडीला मदत करणारी डीएनए चिन्हके मोलाची. सालीखालच्या वाढत्या थरातील आरएनएचे, म्हणजे प्रतिलेखसंचाचे, क्रमनिर्धारण केले, की तेथे कार्यरत असलेल्या जनुकांतील पुनरावृत्त तुकडे संगणकाने शोधता येतात आणि तेच चिन्हके म्हणून वापरता येतात. अशा चिन्हकांत वैविध्य कमी, हा आक्षेप खरा आहे : प्रथिनाचा संकेत असलेल्या भागात प्रामुख्याने तीन-तीन अक्षरांच्या पुनरावृत्ती टिकतात, इतर बदलांनी वाचनचौकट मोडते. पण याच स्थैर्यामुळे प्रायमर, म्हणजे चिन्हकाच्या तुकड्याच्या प्रती काढण्यासाठी त्याच्या दोन्ही टोकांना जुळणारे छोटे डीएनए-क्रम, जवळच्या जातींतही बऱ्याचदा चालतात. खरी अडचण इंट्रॉनची, म्हणजे जनुकाच्या मधल्या, प्रथिनाचा संकेत नसलेल्या तुकड्यांची. परिपक्व आरएनएत ते नसतात. डीएनएत दोन प्रायमरांमध्ये एखादा आला, तर तुकडा अपेक्षेपेक्षा लांब निघतो किंवा मिळतच नाही. शिवाय चिन्हक जनुकात आहे, एवढ्यावरून लाकडाच्या गुणाशी त्याचे नाते सिद्ध होत नाही. त्यासाठी अनेक झाडांवर त्या गुणाचे मोजमाप करावेच लागते.