हेलनच्या रंगांचा मालक कोण?

व्हिक्टोरियन कादंबरीतली स्वतंत्र स्त्री म्हटलं की आधी जेन एअर आठवते. वर्षाला ३० पौंडांवर थॉर्नफील्डच्या परक्या घरी शिकवायला गेलेली आणि मालकाला तोंडावर उत्तर देणारी. पण थॉर्नफील्डला आलेली जेन अविवाहित आहे, त्यामुळे तिचा पगार तिचाच राहतो. लग्न झालेल्या बाईच्या कमाईचं काय होतं, हे सांगण्याचं धाडस जेनची लेखिका शार्लट ब्राँटे हिच्या धाकट्या बहिणीनं, अ‍ॅननं केलं. मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा हे माझं रोजचं काम. म्हणूनच अ‍ॅनची १८४८ सालची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' मला फार मोलाची वाटते.

कादंबरी घडते १८२०च्या दशकात. नायिका हेलन हिचा नवरा आर्थर दारूडा आणि बाहेरख्याली आहे. लहानग्या मुलालाही तो दारूची चव लावतो. मुलाला घेऊन निघून जायचं आणि चित्रं विकून पोट भरायचं, असं हेलन ठरवते. आर्थर तिची रोजनिशी हिसकावून वाचतो, किल्ल्या काढून घेतो आणि तिचं चित्रकलेचं सगळं सामान शेकोटीत घालतो. रंग, कुंचले, पॅलेट, व्हार्निश, सगळं. तेव्हा तैलरंग जनावराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशव्यांत मिळत. पत्र्याची ट्यूब आली १८४१मध्ये. त्या पिशव्याही आगीत जातात. हेलनचे पैसे आणि दागिनेही तो ताब्यात घेतो.

वकील म्हणून वाचताना इथे अंगावर काटा येतो, कारण यात आर्थरनं कायदा मोडलेलाच नाही. 'कव्हर्चर'च्या जुन्या इंग्रजी प्रथेनुसार लग्नानंतर बायकोला कायद्याच्या लेखी वेगळं अस्तित्व उरत नसे. तिच्याजवळची रोकड, दागिने, पुढची कमाई, सगळं नवऱ्याचं. मुलंही त्याचीच. लेखिका कॅरोलाइन नॉर्टनला १८३६मध्ये तिच्या तीन मुलांपासून तोडलं गेलं. तिनं लेखणी झिजवली, तेव्हा १८३९चा कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलाचा ताबा आईला देता येईल, एवढीच त्याची धाव. हेलनच्या काळात तेवढाही आधार नव्हता.

तरीही ती मुलाला घेऊन पळते, नाव बदलते आणि पुन्हा कुंचला हाती घेते. तिच्या खोलीत वाइल्डफेल हॉलचं पहाटेचं चित्र आहे. त्याखाली मात्र तिनं 'फर्नली मॅनर, कंबरलंड' असं लिहिलंय, आद्याक्षरंही खोटी घातली आहेत. चित्रं लंडनला विकायला जातात, आणि खरं नाव दिसलं तर नवरा माग काढत येईल. स्वतःच्या हातच्या कामावर सही करायची सोय नाही! कर्तबगार बाईला कायदा कसा चोरासारखं जगायला लावतो, हे अ‍ॅननं एवढ्या एका ओळीत दाखवलं.

शेवटी आर्थर मरतो आणि हेलन मोकळी होते. हा शेवट सोयीचा आहे, असा आक्षेप घेता येईल. पण त्या काळी दुसरी वाट कुठे होती? सामान्य कोर्टातून घटस्फोट मिळू लागला १८५७च्या कायद्यानंतर, आणि तोही बायकांसाठी जास्त कडक अटींवर. विवाहितेची कमाई तिची, हे इंग्लंडनं १८७०मध्ये मान्य केलं. मालमत्तेचा पूर्ण हक्क दिला १८८२मध्ये. अ‍ॅन १८४९मध्येच गेली होती, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी.

त्याच धर्तीचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आपल्याकडे १८७४मध्ये आला, पण हिंदू, मुस्लिम स्त्रियांना त्यातून वगळलं होतं. विम्यापुरतं त्याचं कलम पुढे बहुतेकांना लागू झालं. आजही नवरा याच कायद्याखाली, म्हणजे 'एमडब्ल्यूपी अ‍ॅक्ट'खाली, विमा पॉलिसी काढतो, तेव्हा त्या पैशाला त्याचे सावकार हात लावू शकत नाहीत. तो बायकामुलांचाच राहतो. स्वतंत्र नायिकेचं मोठेपण आपण तिच्या बाणेदार संवादांत शोधतो. माझ्या मते पहिला प्रश्न हाच असावा: तिनं कमावलेला पैसा कोणाच्या नावावर जमा होतो?