यंत्राघरचा मुद्रितशोधक

छापखान्यातला मुद्रितशोधक हा मोठा उपेक्षित प्राणी. शंभर चुका काढल्या तरी त्याची आठवण होते ती राहून गेलेल्या एकशेएकाव्या चुकीपायी! त्याच्या मदतीला यंत्र आले त्याची ही हकीकत.

स्टॅनफर्ड येथे राल्फ गोरिन यांनी 1971 सालीच असा एक प्रोग्राम लिहिला होता. पण आपल्याला जावयाचे आहे न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत. तेथे 1975 साली स्टीव्ह जॉन्सन यांनी 'स्पेल' हा प्रोग्राम अवघ्या एका दुपारी लिहिला. मजकुरातले शब्द सुटे करावयाचे, अकारविल्हे लावावयाचे, पुन्हा आलेले गाळावयाचे आणि कोशाच्या यादीत न सापडणारे तेवढे पुढे मांडावयाचे. 'युनिक्स' प्रणालीत या कामांची लहान लहान हत्यारे तयारच होती. ती एकापुढे एक जोडली, की झाले! 'स्पेल' असे टंकून पुढे फाइलीचे नाव दिले, की संशयितांची यादी हजर. दुरुस्ती मात्र ज्याची त्याने करावी.

पुढे हे काम डग मॅकिलरॉय यांनी हाती घेतले. यंत्र पीडीपी-11, जागा 64 किलोबाइट, आणि शब्द तीस हजार! त्यांनी शब्द ठेवलेच नाहीत. प्रत्येक शब्दाचा गणिताने एक आकडा केला आणि ते आकडे असे दाबून बसवले, की शब्दामागे सुमारे 14 बिट, म्हणजे दोन बाइटांहूनही कमी जागा पुरली. चुकीचा शब्द निसटण्याचा धोका साधारण चार हजारांत एक. तो त्यांनी पत्करला.

शिवाय उपसर्ग-प्रत्यय सोलून मूळ शब्द गाठावयाचा. 'घरात', 'घराला', 'घरापासून' म्हणणाऱ्या आपणांस ही युक्ती परकी वाटू नये. पण तीतही गंमत आहेच. इंग्रजी 'देअर' लिहिताना ई आणि आय यांची अदलाबदल ही नेहमीची चूक. नियमाने पाहता मात्र ते रूप शुद्ध ठरते! 'तुझा' या अर्थाचे 'दाय' हे जुने सर्वनाम. त्यातल्या वायचा आय करून तरवाचक प्रत्यय लावला, की झाले 'अधिक तुझा'. असल्या तोतयांची निराळी यादीच ठेवावी लागली.

मग कोशच मोठा का करू नये? तर दुर्मीळ शब्द जितके वाढवावेत तितक्या साध्या शब्दांच्या चुका त्यांच्या आड दडतात. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' दोन्ही कोशात आहेत; दिवाळीचा शुभ दिन कुणी दीन करून टाकला, तरी असली यादी हूं की चूं करणार नाही.