दोन उमेदवार, बारा चित्रं

विल्यम होगार्थ या लंडनच्या चित्रकारानं १७४७ साली बारा चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरली, शाई भरून छापली आणि चित्रामागं एक शिलिंग भावानं विकली. आपण स्टेन्सिल खरडतो त्यातलाच धंदा, फक्त पत्रा जास्त टिकतो. चित्रं त्यानं मुद्दाम स्वस्त ठेवली, कारण ती काम शिकणाऱ्या उमेदवार पोरांसाठी होती. मालिकेचं नाव 'उद्योग आणि आळस'.

पहिलं चित्र स्पिटलफिल्ड्सचं. लंडनमधली रेशीम विणणाऱ्यांची वस्ती. दोन हातमाग, दोन पोरं. एक मन लावून विणतोय. दुसरा मागाला टेकून झोपलाय, त्याच्या धोट्याशी मांजर खेळतंय. दारात मालक, हातात काठी. विणणारा फ्रान्सिस गुडचाईल्ड, म्हणजे गुणी बाळ. झोपलेला टॉम आयडल, म्हणजे आळशी. मित्रहो, गोष्ट सुरू व्हायच्या आधीच आडनावात निकाल लागलाय. आपल्याला हे काय नवीन!

पुढचं सांगायला नको. टॉम कबरीवर जुगार खेळतो, समुद्रावर धाडला जातो, चोर होतो, टायबर्नला फासावर जातो. गुडचाईल्ड लंडनचा लॉर्ड मेयर. प्रत्येक चित्राला बायबलचं वचन जोडलेलं.

पण मी साच्यावर उभा राहणारा माणूस. मी चित्रांत माग शोधत गेलो. गुडचाईल्ड मागावर दिसतो तो फक्त पहिल्या चित्रात! दुसऱ्यात तो चर्चमध्ये, मालकाच्या पोरीशेजारी, एकाच पुस्तकातून गातोय. चौथ्यात मालकाचा हात त्याच्या खांद्यावर, हिशेब त्याच्याकडं. माग मागं राहिलेत, त्यावर दुसरेच कोणी राबताहेत. सहाव्यात त्याच पोरीशी लग्न झालेलं. म्हणजे विणून विणून कुणी मेयर झाला नाही, मालकाचा जावई झाला.

होगार्थला हे ठाऊक नसेल कसं? त्याचा बाप कर्जापायी तुरुंगात बसलेला. तो स्वतः चांदीवर कोरीवकाम करणाऱ्याकडं उमेदवार होता, मुदत पुरी न करताच सुटला. राजाचा चित्रकार थॉर्नहिल, ज्याच्या शाळेत हा शिकला, त्याच्याच पोरीशी त्यानं १७२९ साली बापाला न विचारता लग्न लावलं. त्याच्यात टॉमही होता आणि गुडचाईल्डही.

म्हणून त्याचा हात त्याच्या उपदेशाला दगा देतो. आठव्या चित्रात गुडचाईल्डच्या मेजवानीत प्रतिष्ठित मंडळी हावऱ्यासारखी चरताहेत. दहाव्यात टॉमची आई रडतेय आणि न्याय करायला बसलेल्या गुडचाईल्डनं तोंड फिरवलंय. अकराव्यात टॉम गाडीत, शवपेटीला टेकून, अजून जिवंत. आणि गर्दीत एक बाई त्याचं मरतेवेळचं भाषण छापील कागदावर विकतेय. नुसत्या कीर्तनकाराला असलं दिसत नाही.

होगार्थ १७६४ साली वारला. त्यानंतर स्पिटलफिल्ड्समध्ये मजुरीवरून पेटलं. विणकर टोळीनं जाऊन मागावरचं रेशीम कापू लागले. डिसेंबर १७६९ मध्ये जॉन डॉइल आणि जॉन व्हॅलिन या दोघांना फाशी झाली. आरोप आळसाचा नव्हता, रेशीम कापल्याचा होता. टायबर्नला नेलं नाही. मुद्दाम बेथनल ग्रीनला, विणकरांच्या दारात लटकवलं, सगळ्यांनी बघावं म्हणून. सगळ्यांनी बघितलं. मग फाशीचे खांब उपटले, शोव्हे नावाच्या रेशीम-मालकाच्या घरापुढं नेऊन उभे केले, आणि त्याच्या खिडक्या फोडल्या.