तहखाना : उन्हाळ्यातले घर

'तहखाना' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? काळोख, पुरलेला हंडा, नाहीतर हिंदी चित्रपटातील खलनायकाचा अड्डा. अलीकडे तर हा शब्द कोर्टकचेऱ्यांच्या बातम्यांतूनच अधिक भेटतो. मूळ अर्थ मात्र अगदी साधा आहे. मराठीत तह म्हणजे सलोख्याचा करार. फारसीत तह म्हणजे तळ. तळाची खोली तो तहखाना. दिवाणखाना, जामदारखाना, मुदपाकखाना हे सारे 'खाने' मराठीने जसेच्या तसे घरात घेतले, याला मात्र आपण तळघर म्हटले आणि त्यात धान्य नि किंमती चीजवस्तू ठेवल्या. शाहजहानाबादेत, म्हणजे जुन्या दिल्लीत, ती माणसांनी बसण्या-निजण्याची जागा होती.

याची साक्ष फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य देतो. औरंगजेबाच्या काळात तो दिल्लीत होता. १ जुलै १६६३च्या पत्रात तो सांगतो, की चांगल्या घरात मोठे पंखे लावलेली तळघरे असतात आणि दुपारपासून चार-पाच वाजेपर्यंत लोक तिथे आराम करतात. पुढे तिथली हवा कोंदट होते, हेही तो लिहितो. म्हणून काहीजण तळघराऐवजी बागेत हौदाजवळ वाळ्याची खोली, खसखाना, उभारत आणि नोकर तिच्यावर बाहेरून पाणी मारत. तहखाना घड्याळाकडे पाहून वापरायची खोली होती, हे यावरून कळते. बगदादची जुनी घरेही अशीच: दुपार 'सरदाब'मध्ये, रात्र गच्चीवर. सर्द म्हणजे थंड आणि आब म्हणजे पाणी.

यात जादू काही नव्हती. जमिनीत तीन-चार मीटर खाली तापमान वर्षभर फारसे हलत नाही. त्या गावच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहते. दिल्लीत ते साधारण २५ अंश. वर ४४ अंशांची लू वाहत असताना हा फरक म्हणजे केवढा दिलासा! खरे कसब खणण्यात नव्हते, खोली राहण्याजोगी करण्यात होते. पातळ लखौरी विटांच्या जाड भिंती, त्यांवर चुना आणि सुरखी, म्हणजे विटेची भुकटी, यांचा गिलावा. अंगणाच्या पातळीला लागून झरोके. चुन्याचा गिलावा ओल अडवत नाही, ती बाहेर पडू देतो आणि झरोक्यातली हवा ती घेऊन जाते. पावसाळ्यात दमट हवा थंड भिंतींना लागून पाणी सुटे, तेव्हा बिऱ्हाड मुकाट्याने वर येई.

इंग्रजांनीही हे उचलले. रेसिडेंट टॉमस मेटकाफने १८३५च्या सुमारास यमुनेकाठी बांधलेल्या कोठीत तहखाने होते. १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या शब्दाची वेगळी नोंदही आहे. पण त्याआधी १८५७ झाले. मेटकाफची कोठी बंडात लुटली गेली. आणि सप्टेंबरात शहर पडल्यावर इंग्रज फौजेच्या 'प्राइझ एजंटां'नी दिल्लीच्या घरांतल्या भिंती ठोकून, जमिनी खणून पुरलेले धन शोधले. शहराबाहेर हाकललेल्या मुसलमानांना परतायला पुढे बराच काळ लागला. उन्हाळ्याची खोली आणि गुप्त खजिना यांची सांगड लोकांच्या मनात बसायला असे दिवस कारण झाले असतील, असे मला वाटते.

मग वीज आली, छताला पंखा लागला आणि खाली उतरण्याची गरज सरली. १९४७ने उरलेले केले. घर सोडून पुराना किल्ला किंवा हुमायूनच्या मकबऱ्याच्या छावणीत गेलेल्या कित्येकांना परतल्यावर आपल्या घरात दुसरेच कुटुंब दिसले. 'निष्क्रांत मालमत्ता' म्हणून कस्टोडियनकडे गेलेल्या हवेल्या खोल्याखोल्यांनी वाटल्या गेल्या. आलेली कुटुंबेही उजाडूनच आली होती, त्यांना दोष कसला द्यायचा? मात्र अंगण एकाचे, वरचा मजला दुसऱ्याचा आणि तळघर तिसऱ्याचे गोदाम, अशी घराची फाळणी झाली. झरोके विटांनी बुजले.

आज तळघरात माणसे पुन्हा उतरत आहेत, पण उन्हासाठी नव्हे, जागेच्या भावासाठी. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतल्याच ओल्ड राजिंदर नगरात एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी घुसून तीन विद्यार्थी बुडाले. परवानगी गाड्या आणि सामान ठेवण्याची होती. तिथे वाचनालय चालत होते. ऐन पावसाळ्यात, जुने दिल्लीकर जेव्हा तळ सोडत, तेव्हा.

जुन्या घरांचे तळघर दुरुस्त करणारे बहुधा पहिला हात सिमेंटला घालतात. भिंत वर्षभर चकचकीत दिसते, मग कोंडलेली ओल वरच्या मजल्यापर्यंत चढते आणि क्षारांनी पोपडे निघतात. जाणता गवंडी आधी सिमेंट खरवडतो, भिंत सुकू देतो, मग चुना लावतो. एवढे होऊनही झरोका उघडल्याशिवाय खोली जिवंत होत नाही. आणि झरोका उघडतो तो अंगणात, जे आता शेजाऱ्याच्या नावावर असते.